पायरी खाली यायला हवी

इंदापूरच्या स्टँडवर एसटी लागली की आधी पिशवी आत जाते. मग एक हात दांडीला, दुसरा गुडघ्यावर; मागून कुणीतरी ‘चढा आज्जी, सावकाश’ म्हणत आधार देतं. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मोलाचे. पायरी मात्र होती तिथेच राहिली.

तिच्या उंचीचं मूळ चासीत, म्हणजे बॉडीखालच्या इंजिन-चाकांच्या ढाच्यात आहे. एसटीने पिढ्यान्‌पिढ्या टाटा आणि अशोक लेलँडच्या चासी घेतल्या, दापोडीच्या कार्यशाळेत त्यांवर बॉडी बांधली. ही चासी ट्रकच्या घराण्यातली. पुढे इंजिन, लांब सरळ पोलादी सांगाडा, त्याखाली पाटे आणि अ‍ॅक्सल. फरशी या सगळ्यांच्या वर बसते आणि जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास जाते. बॉडी कितीही देखणी बांधा, ही उंची कमी होत नाही.

व्होल्व्होची बी7आर चासी आपल्याला पुणे-मुंबई शिवनेरीमुळे ठाऊक झाली. तिचीच शहरी बहीण बी7आरएलई. दोघींचंही इंजिन मागे; हिच्यात पुढच्या दोन दारांमधला सांगाडाही खाली घेतला; पायऱ्या आहेत त्या फक्त मागच्या चाकांजवळ, बसच्या आत. पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या असल्याने थांब्यावर गाडी दाराच्या बाजूला झुकवता येते. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात या चासीवर तिथल्या कारखानदारांनी आपापल्या बॉडी चढवल्या. बेंगळुरूजवळच्या होसकोट्यात तिची व्होल्व्हो 8400 झाली; 2006 पासून बेंगळुरूत आणि पुढे नवी मुंबईतही ती धावली. दिल्लीने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी टाटा-लेलँडच्या सीएनजी लो-फ्लोअर गाड्या घेतल्या. लंडनमध्ये तर 2005 अखेर नेहमीच्या मार्गांवर उंच पायऱ्यांची बस उरली नाही.

पुण्याच्या बीआरटीने, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गांनी, उलटा उपाय केला: थांबाच बसच्या फरशीइतका उंच. आपल्या स्टँडवर तो चालणार नाही. एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते, दार असतं बाजूला. प्रवासी आधी फलाटावरून खाली उतरतो, मग गाडीत चढतो. बारामतीचं स्टँड नवं झालं, तरी गाडीत शिरणं जमिनीवरूनच.

भवानीनगर, निमगाव केतकीच्या रस्त्यावर लो-फ्लोअर टिकेल का, ही शंका रास्त आहे. गतिरोधक मनाला येतील तसे, कडा उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या. चारशे मिलिमीटरची फरशी इथे घासेल, हे मीही मानतो. पण देशाच्या शहरी बस-मानकांत 400 आणि 900 च्या मधे 650 मिलिमीटरचीही फरशी आहे. बारामती-इंदापूरसारख्या मार्गाला तीच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. परतीच्या एसटीत चढणाऱ्या वारकऱ्यांचे गुडघे आठवा.

बारामती, बारामती एमआयडीसी आणि इंदापूर, तिन्ही आगारांच्या प्रवाशांना एक विनंती. नवी गाडी आली की रंग पाहण्याआधी पहिल्या पायरीची आणि फरशीची उंची टेपने मोजा आणि तो आकडा आगारप्रमुखांना लेखी द्या.