डॉक्टरेटनंतरची दोन वर्षे

पीएच.डी. झाली की शिक्षण संपले, असे आमच्या घरात सगळे धरून चालले होते. मीही. त्यापुढे ‘पोस्ट-डॉक्टरल’ संशोधन नावाची पायरी असते हे कळले तेव्हा मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागलो होतो आणि दोन भावंडांची फी भरत होतो. आता एम.एस्सी.च्या मुलांना मी ते पहिल्या वर्षीच सांगतो.

ही नवी पदवी नव्हे. मानधन घेऊन दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षे स्वतःचा प्रश्न सोडवायचा. मापनशास्त्र आणि नवे पदार्थ या विषयांत तर तिच्यावाचून भागत नाही. तिथली यंत्रे कॉलेजाच्या ऐपतीबाहेरची असतात. मापन म्हणजे वजनकाटा, असे समजून नाक मुरडू नये. मजुरीचे धान्य कोणाच्या मापाने मिळते याला किती महत्त्व असते, हे आमच्या आजीला पक्के ठाऊक होते.

इस्राएलचा डॅन शेख्टमन १९७२ साली डॉक्टर झाला. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची फेलोशिप घेऊन त्याने ओहायोतल्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत तीन वर्षे टायटॅनियम-अॅल्युमिनियमचे मिश्रधातू तपासले. पुढे ८ एप्रिल १९८२ रोजी तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत पाहुणा संशोधक होता. अतिवेगाने थंड केलेल्या अॅल्युमिनियम-मँगॅनीजच्या तुकड्यातून त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दहा-दहा ठिपक्यांची वर्तुळे दिसली. स्फटिकात अशी रचना अशक्य, असे पाठ्यपुस्तके सांगत होती. त्याला संशोधनगट सोडायला सांगण्यात आले. निबंध छापून यायला नोव्हेंबर १९८४ उजाडला आणि २०११ साली नोबेल मिळाले. पुस्तकापेक्षा आपल्या मोजमापावर विश्वास ठेवायला हाताला तालीम लागते. ती त्या आधीच्या वर्षांतली होती, असे मला वाटते.

त्याच मानक संस्थेची, आजच्या एन.आय.एस.टी.ची, रिसर्च कौन्सिलमार्फतची दोन वर्षांची फेलोशिप अमेरिकी नागरिकांसाठीच राखलेली आहे. तिथे आपल्या मुलांनी अर्जाचा खटाटोप करू नये. आपल्याकडे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे, तीही दोन वर्षांची. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी ती घेऊन जाता येते. देशाच्या किलोग्रॅमचा ५७ क्रमांकाचा नमुना तिथेच आहे. वयाची अट ३५ वर्षे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि स्त्रियांना पाच वर्षांची सूट. ही सूट उपकार नव्हे. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मध्ये माझी तीन वर्षे शिकवण्या घेण्यात गेली, ती कुठल्याच दाखल्यावर नाहीत.

खरी अडचण निराळीच आहे. मार्गदर्शक आपणच शोधायचा, त्याची संमती आपणच मिळवायची. ज्याच्या घरात कुणी प्राध्यापक नाही, त्याने अनोळखी माणसाला पत्र लिहायचे कसे? गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे असे पत्र तपासले. तो चौतिशीचा आहे. पहिला परिच्छेद सगळा घरच्या परिस्थितीचा होता. मी तो खोडला. त्याने एका पातळ थराची जाडी किती नॅनोमीटरपर्यंत खात्रीने मोजली आणि चूक कुठे राहते, तिथून सुरुवात करायला सांगितले. त्याला वाईट वाटले. पण रात्री बसून त्याने पत्र पुन्हा लिहिले. ते गेले आहे. अजून उत्तर आलेले नाही.