पावसापूर्वीचे एक काम : न्हाणीघराची पाहणी



मृग जवळ आला की घरात कामांची धांदल उडते. कौले चाळायची, पन्हळी साफ करायच्या, लाकडे पडवीत रचायची, भाताचे बियाणे निवडायचे. यंदा या यादीत आणखी एक काम घाला. घरातील वडीलधाऱ्या माणसाबरोबर त्यांच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत एकदा चालत जा आणि ती वाट नीट पाहा. काम अर्ध्या तासाचे आहे. पण ते राहून गेले, तर चांगले चालते-फिरते माणूस कायमचे अंथरुणाला खिळू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढची माणसे सर्वांत जास्त असतात. तरुण माणूस घसरला तर कपडे झटकून उठतो. सत्तरीतल्या बाईचे हाड मात्र तेवढ्याच घसरण्याने खुब्यापाशी मोडते.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर हा धोका अधिक का, ते पाहा. चौल-रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतची जुनी घरे नारळी-पोफळीच्या वाडीत आहेत. न्हाणी मागील दारी आणि संडास त्याच्याही पलीकडे. न्हाणीचे पाणी झाडांना मिळावे ही सोय चांगलीच. पण वाडीची दाट सावली, वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि दमट हवा यांमुळे पावसाळाभर तिथली जमीन वाळत नाही. तिच्यावर शेवाळ धरते. शिवाय कित्येक घरांत मुले नोकरीला मुंबईकडे आणि मागे दोघे म्हातारेच. घर होते तसेच आहे; त्यात राहणाऱ्यांचे पाय आणि डोळे मात्र पूर्वीचे राहिलेले नाहीत.

पाहणी कशी करावी?

एकदा दिवसा आणि एकदा रात्री, नेहमीच्याच दिव्याच्या उजेडात पाहणी करा. आजी-आजोबांना पुढे चालू द्या, आपण मागे राहा आणि त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. हात दाराच्या फळीला जातो, की कपड्यांच्या दोरीला, नळाला, की पिंपाच्या काठाला? ज्या ठिकाणी हात आधार शोधतो, त्या ठिकाणी पक्का आधार हवा, एवढे यावरून ओळखावे. दोरी आणि नळ हे आधार नव्हेत.

वाट : अंथरुणापासून न्हाणीपर्यंत घमेले, विळा, नारळाचा ढीग, पाण्याचा पाइप असे काही पडलेले नसावे. उंबरठा आणि पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा. मंद नजरेला तो दिसतो. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा ठेवा. वीज जाते, म्हणून उशाशी विजेरीही असू द्या.

जमीन : शेवाळावर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून थोड्या वेळाने नारळाच्या सोडणाने किंवा ताठ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग पावडरमध्ये अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आंघोळीचा दगड गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून खरबरीत करून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेकांनी घरांची डागडुजी केली. त्या वेळी न्हाणीत चकचकीत फरशी बसवली असेल, तर तिच्यावर तळाला पकड असलेली रबरी चटई टाका. ओले गोणपाट पायाखालून सरकते. ते टाकू नका. पाणी साचत असेल तर मोरीकडे दर फुटाला पाव इंच उतार काढून घ्या.

आधाराचा दांडा : जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंचीवर, भिंतीपासून दीड इंच अंतर ठेवून बसवा. एक इंची जी. आय. पाइप मुठीत नीट मावतो. मात्र जांभ्याच्या किंवा मातीत बांधलेल्या भिंतीत नुसता स्क्रू टिकत नाही. बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन मागे पट्टी द्यावी, नाही तर जमिनीत काँक्रीट करून खांब उभा करावा. बसवल्यावर घरातल्या सर्वांत जड माणसाने त्याला लोंबकळून पाहावे. खाऱ्या हवेने लोखंड गंजते, म्हणून ही तपासणी दरवर्षी करा.

बसणे-उठणे : पाटावरून उठताना तोल जातो. गुडघ्याइतका, म्हणजे सुमारे दीड फूट उंच विटांचा कट्टा बांधून घ्या. बादलीही कट्ट्यावर ठेवली की वाकावे लागत नाही. बंबातले कढत पाणी त्यांना उचलायला लावू नका.

दार : दार आत उघडत असेल, तर आत पडलेले माणूसच दार अडवते. ते बाहेर उघडणारे करा आणि बाहेरूनही निघेल अशी कडी लावा.

एक गोष्ट विसरू नका. वडीलधारी माणसे पडली तरी सांगत नाहीत. फिरणे बंद होईल, मुलांना त्रास होईल, ही भीती असते. "गेल्या वर्षात कधी पाय घसरला का?" असे मायेने विचारा. रक्तदाबाच्या गोळीने किंवा झटकन उठल्याने चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. रात्री उठताना मिनिटभर अंथरुणावर बसून मगच उभे राहायची सवय लावा.

इतके करूनही कोणी पडलेच, तर बखोटीला धरून ओढू नका. खुब्यात कळा येत असतील, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेर वळला असेल, तर हाड मोडले असे समजा. चोळू नका, ओढून बसवू नका. अंगावर पांघरूण घाला, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्या.

कट्टा आणि दांडा हे गावच्या गवंड्याचे एक-दोन दिवसांचे काम आहे. बांधापूर्वी न्हाणी उरका. कोसळलेला बांध पुढल्या वर्षी घालता येतो. मोडलेला खुबा घरातल्या माणसाला पुन्हा अंगणात आणेलच, याची खात्री नाही.