झड लागली अन् ड्रायर रुसला!

आषाढ-श्रावणात झड लागली म्हणजे तीन-तीन, चार-चार दिवस उन्हाचं नाव नसतं, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गृहिणींना काही नव्याने सांगायला नको. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दोरीवर टाकलेलं जाड पांघरूणसुद्धा पापडासारखं कडक होतं. अन् त्याच अंगणात पावसाळ्यात साधा रुमाल दोन दिवस वाळत नाही! तीन-चतुर्थांश जंगलाचा गडचिरोली जिल्हा, भोवती वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, शिवाय घरोघरची ओली अंगणं. हवाच पाण्याने भरलेली, ती कपड्यातलं पाणी ओढून घेणार तरी कशी?

अशा दिवसांत वॉशिंग मशीनचा ड्रायर म्हणजे मोठाच आधार. अन् नेमका त्याच दिवसांत तो रुसून बसतो. दुरुस्त करणारा माणूस चंद्रपूर, बल्लारपुरात एक वेळ लवकर भेटेल. पण अहेरी, एटापल्ली, सिरोंच्याकडच्या बहिणींनी काय करावं? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तर वर्षानुवर्षं चालत आलेलं. तिथे मेकॅनिक कुठला अन् सुटा भाग कुठला! म्हणून या वेळी ड्रायरच्या दुखण्याबद्दल, तो नसताना कपडे कसे वाळवावेत याबद्दल, अन् त्या गडबडीत जिवावर बेतू नये म्हणून काय पाहावं याबद्दल थोडं बोलू या.

ड्रायर नेमकं करतो काय?

आपल्याकडे ड्रायर म्हणजे बहुधा अर्ध-स्वयंचलित मशीनचा दुसरा, लहान पिंप. तो कपडे वाळवत नाही बरं का, फक्त पिळतो. मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो, त्या वेगाने पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. पाच किलो सुती कपडे हाताने कितीही पिळले तरी त्यांत तीन-चार लिटर पाणी सहज राहतं. ड्रायर त्यातलं बरंच काढून टाकतो. बाकीचं काम वाऱ्याचंच. एवढं लक्षात ठेवलं की ड्रायर बंद पडला म्हणून हात-पाय गाळायचं कारण उरत नाही. त्याचं काम हाताने अन् वाऱ्याने भागवायचं, इतकंच.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

काही दुखणी अगदी किरकोळ असतात. मात्र मशीनला हात लावण्याआधी प्लग काढायचाच. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ड्रायर धडधडतो, सगळं मशीन चालायला लागतं? कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत. ते काढून सारखे पसरा, वरून प्लॅस्टिकची चकती दाबून बसवा. ही चकती आपण फार वेळा विसरतो. ती नसली की मोजे, रुमाल उडून पिंपाच्या बाहेर पडतात अन् खाली जाऊन अडकतात.

पाणी जात नाही? मागचा पाइप दुमडला असेल किंवा उंचावर ठेवला असेल. तो जमिनीलगत उतरता ठेवा.

काहीच आवाज नाही? झाकण नीट बसलं आहे का, ते पाहा. झाकणाखाली एक छोटी कळ असते, ती दाबली गेल्याशिवाय ड्रायर फिरत नाही. पावसाळ्यात व्होल्टेजही फार पडतं. दिवे मिणमिणत असतील तर मोटर उचलणार नाही, उलट तापेल. अशा वेळी थांबलेलं बरं.

नुसताच 'घुंऽऽ' आवाज येतो अन् पिंप फिरत नाही? लगेच बंद करा, प्लग काढा, हाताने पिंप फिरवून पाहा. जड वाटला तर खाली कापड अडकलं असेल किंवा ब्रेक सुटत नसेल. हलका फिरला तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. हा भाग फार महागाचा नसतो, पण तो स्वतः उघडून पाहू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहते, अन् ती चांगला झटका देऊ शकते.

झाकण उघडल्यावरही पिंप बराच वेळ फिरतच राहतो? ब्रेकची तार तुटली असेल किंवा सैल झाली असेल. हे दुखणं दिसायला साधं, पण लहान मुलांच्या घरात फार वाईट. फिरत्या पिंपात कपडा ओढायला म्हणून बोट घातलं अन् कपड्याने बोट गुंडाळलं, तर काय होईल ते सांगायला नको. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर लावूच नका.

आणि मशीनला हात लावताच झिणझिण्या येतात? मग पुढे एक पाऊलही टाकू नका. 'पायात चप्पल घातली की काही होत नाही' असं आपण एकमेकींना सांगत असतो. ते चुकीचं आहे. झिणझिण्या म्हणजे वीज मशीनच्या अंगात उतरली आहे अन् घरच्या अर्थिंगमध्ये दोष आहे. मशीन बंद ठेवून आधी वायरमनला दाखवा.

पावसाळ्यात उंदीरही मशीनखाली आसरा घेतात अन् वायर कुरतडतात. मशीनच्या तळाला जाळी बसवून घ्या. छपरीत ठेवलेल्या मशीनवर पावसाची झड येत असेल तर जागा बदला.

ड्रायरविना पिळणं

एका दिवशी ढीगभर धुणं काढू नका. झडीच्या दिवसांत रोज थोडं थोडं धुवा. आधी कपडे बादलीच्या काठावर किंवा नळावर पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. निम्मं पाणी आपसूक जातं अन् मनगटंही वाचतात. मग पिळा.

मुलांचा शाळेचा गणवेश उद्या सकाळी हवाच असेल, तर पिळलेला शर्ट कोरड्या जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा अन् त्यावर गुडघ्याने दाब द्या. टॉवेल पाणी ओढून घेतो. असा शर्ट पंख्याखाली रात्रभरात वाळतो. थोडा दमट राहिलाच तर इस्त्री आहेच. पण ओल्या कपड्यावर इस्त्री चालू ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. एक वर्गशिक्षिका म्हणून आणखी सांगते, झडीच्या दिवसांत मुलगा साध्या कपड्यात शाळेत आला तरी चालतं. ओला गणवेश घालून मूल दिवसभर कुडकुडत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तुमच्या शाळेतल्या बाईंशी मोकळेपणाने बोला.

वाळवण्याचं मर्म : वारा

कपडे उष्णतेपेक्षा वाऱ्याने जास्त लवकर वाळतात. दारं-खिडक्या लावून खोलीत कपडे टाकले तर त्यातलं पाणी खोलीतच फिरत राहतं. भिंतींना बुरशी, गाद्यांना दमट वास, अन् दम्याच्या माणसाला त्रास. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा अन् पंखा लावा. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा धरला तर आठ तासांना जेमतेम पाऊण युनिटदेखील वीज लागत नाही.

दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं. शर्ट, कुडते हँगरवर टांगा. पँट उलटी करून, कमरेकडून उघडी राहील अशी लावा, खिसे बाहेर काढा. साडी एका दोरीवर घडी घालून न टाकता दोन समांतर दोऱ्यांवर पन्हाळीसारखी पसरा, म्हणजे मधून वारा खेळतो. बुरडाकडून दोन लांब बांबू आणून छपरीत आडवे टांगले तर त्यासारखी सोय नाही. बांबूवर गंजाचे डाग पडत नाहीत, अन् आपल्या जिल्ह्यांत बांबूला काय तोटा!

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूरकडच्या बहिणींचं दुखणं वेगळं. तिथे उघडीप मिळाली तरी बाहेर टाकलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी बसते. तिथे आतल्या छपरीतच कपडे टाकावेत, अन् दोरी रोज ओल्या फडक्याने पुसून मगच वापरावी.

पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांवर डालगं उपडं घालून त्यावर बाळाची दुपटी, लंगोट वाळवीत. युक्ती चांगली, पण बंद खोलीत मुळीच नको. कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, अन् झोपेतच माणूस जातो. करायचंच तर उघड्या पडवीत, जवळ बसून. गॅसच्या शेगडीवर कपडे टांगण्याचा विचारसुद्धा नको.

ओलसर कपड्यांना येणारा कुबट वास हा कपड्यात राहिलेल्या जंतूंचा असतो. जपानी संशोधकांनी २०१२ साली त्यातला मुख्य जंतू ओळखूनही दाखवला. अत्तराने हा वास झाकतो, जात नाही. टॉवेल, अंतर्वस्त्रं कढत पाण्यात भिजवून धुवावीत, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावं, अन् धुतलेले कपडे मशीनमध्ये किंवा बादलीत पडू देऊ नयेत.

जे कपडे लपवले जातात

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. पाळीत वापरायचं कापड आपण साडीखाली, दाराआड, न्हाणीच्या कोपऱ्यात वाळत घालतो. उन्हाळ्यात ते निभावतं. झडीत मात्र ते दोन-दोन दिवस ओलंच राहतं अन् तसंच पुन्हा वापरलं जातं. खाज, पुरळ, जंतुसंसर्ग यांना हे आमंत्रणच. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या काही गावांत आजही बायकांना पाळीचे दिवस गावाबाहेरच्या कुर्माघरात काढावे लागतात. काही ठिकाणी त्या जागी पक्की घरं उभी राहिली, पण गळक्या झोपडीत राहणारीने कापड वाळवावं कुठे?

घरात एक तरी दोरी वारा लागेल अशी, या कापडांसाठी हक्काची ठेवा. कापड पूर्ण कोरडं झालं की गरम इस्त्री फिरवा. वाळलं नसेल तर ते वापरू नका. झडीसाठी चार घड्या जास्तीच्या शिवून ठेवा. वयात आलेल्या मुलींना हे आईनेच सांगायला हवं. घरातल्या पुरुषांनी ती दोरी पाहिली तर पाहू दे! त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तारेवर नव्हे, दोरीवर

सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगते. ड्रायर बंद पडला की आपण अंगणातल्या तारेकडे वळतो. लोखंडी तार टिनाच्या छपराला, खांबाला, नाहीतर विजेच्या वायरजवळच्या पाइपला बांधलेली असते. पावसात कुठेतरी वायरचं कव्हर फाटतं, वीज टिनात उतरते, टिनातून तारेत येते, अन् ओल्या हाताने ओला कपडा टाकणारी बाई चिकटते. तिला सोडवायला धावलेला नवरा, मुलगाही सापडतो. अशा बातम्या दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतात. महावितरणही दरवर्षी बजावतं की विजेच्या खांबाला, ताणाला दोरी बांधू नका अन् जनावरंही बांधू नका.

आजच आपल्या अंगणात जाऊन पाहा. लोखंडी तार असेल तर काढून नायलॉनची किंवा सुती दोरी लावा, अन् तीही टिनाला वा खांबाला न बांधता लाकडी मेढींना बांधा. घरात विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं, ३० मिलिअँपिअरचं यंत्र मेन स्विचजवळ बसवून घ्या. एका साडीच्या किमतीत घरादाराचा जीव राखला जातो. कुणी चिकटलंच तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभं राहून कोरड्या लाकडाने त्या माणसाला दूर सारा, मग १०८ ला फोन करा. तुटलेली तार दिसली तर महावितरणला १९१२ वर कळवा.

ड्रायर आज ना उद्या दुरुस्त होईलच. तोवर चार कपडे उशिरा वाळले, एखादी चादर दोन दिवस जास्त अंथरली, तर घराचं काही बिघडत नाही. घरी आलेली पाहुणी ओल्या दोऱ्यांनी भरलेली छपरी पाहून नाक मुरडणार नाही. तिच्याही घरी तेच चाललेलं असतं!