परदेशातलं भरीत

हिवाळ्यात जळगावकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात. हिरवीगार मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, सोबत कळण्याची पुरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. न्यू जर्सीतली आमची खान्देशी पोरं हीच पार्टी उन्हाळ्यातल्या शनिवारी बागेतल्या कोळशाच्या शेगडीवर करतात. वांगी मात्र जांभळी. (चव कशी, ते विचारू नये!)

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. नाटक-गाणं तिथं भरपूर. तरीही माझा भाचा तीन तास गाडी हाकून या भरिताला जातो. कारण तिथं अहिराणी बोलतात. धुळ्यात असताना हाच पोरगा आईला चारचौघांत अहिराणी बोलू देत नसे. परवा फोनवर त्यानं विचारलं, "काय करी ऱ्हायनी, माय?" बहिणीनं सवयीनं शुद्ध मराठीत उत्तर दिलं.