दीर्घसेवा कर्मचारी आणि वयाधारित भेदभाव : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : सेवाकाळाबरोबर कर्मचाऱ्याचा अनुभव वाढतो, तसेच वेतनही वाढते. खर्चकपातीच्या वेळी मात्र व्यवस्थापनाला केवळ वेतनच दिसते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या कायदेशीर बाजूचा विचार केला आहे.

कायदेशीर स्थिती : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६(२) मध्ये शासकीय नोकरीतील भेदभावाची निषिद्ध कारणे दिली आहेत, त्यांत वयाचा उल्लेख नाही. अमेरिकेने १९६७ मध्येच ४० व त्यापुढील वयाच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे कामगारांना संरक्षण मिळते ते सेवाज्येष्ठतेतून. कपातीत 'शेवटी आलेला प्रथम जाईल' हे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील सर्वसाधारण तत्त्व औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही कायम आहे.

स्वेच्छानिवृत्तीची पळवाट : दोन्ही कायद्यांनी स्वेच्छानिवृत्ती 'कपाती'च्या व्याख्येतून वगळली आहे. त्यामुळे येथे हा क्रम उलटा होऊ शकतो. २०००-०१ मधील सार्वजनिक बँकांच्या योजनेत १५ वर्षे सेवा अथवा ४० वर्षे वय ही पात्रता होती. सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. अनेकांनी ती संधी मानली, हे खरे. परंतु जेथे दूरच्या बदलीची भीती दाखवून अर्ज घेतला जातो, तेथे 'स्वेच्छा' नाममात्र उरते.

निष्कर्ष : अर्ज मागे घेण्यास पुरेशी मुदत आणि संमतीची त्रयस्थ पडताळणी कायद्याने बंधनकारक व्हावी. ज्येष्ठतेचा गौरव केवळ निरोप समारंभापुरता उरू नये.