नवा गुडघा, चढाची वाट

“गुडघा आता ठणकत नाही, पण पाय पुढे टाकायची हिंमत होत नाही.”

गुडघा बदलण्याचे ऑपरेशन करून आलेल्या आपल्याच बस्तीतल्या एका आजींचे हे बोल. ऑपरेशनला अडीच महिने झाले होते. जखम भरली होती, टाके केव्हाच निघाले होते, डॉक्टरांनीही सगळे ठीक असल्याचे सांगितले होते. तरी आजी दिवसभर उंबऱ्याशी बसून राहत. उठल्या की सून धावत येई, “आई, बसा, पडाल.” आजी बसत. असे रोज चालले आणि हळूहळू आजींनी उठणेच सोडले.

यात सुनेचे प्रेम खोटे नव्हते आणि आजींची भीतीही खोटी नव्हती. पण एक गोष्ट दोघींनाही कोणी नीट सांगितली नव्हती. गुडघ्याचे दुखणे ऑपरेशनने जाते, तोल मात्र ऑपरेशनने येत नाही. तो पुन्हा शिकावा लागतो. बसून राहिल्याने तो येत नाही, उलट आहे तोही जातो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न जास्त अवघड आहे. शहरातल्या माणसाला डॉक्टर म्हणतात, “रोज सपाट रस्त्यावर चाला.” आपल्याकडे सपाट रस्ता शोधावा लागतो. घराच्या ओट्याला दगडी पायऱ्या, दारापासून उतार, विहिरीची वाट खडकाची, आणि पावसाळ्यात सगळीकडे शेवाळ. अशा ठिकाणी नव्या गुडघ्याने चालायचे तर सल्लाही इथलाच हवा.

मोठ्यांचे ऑपरेशन आपल्या दारी

हे ऑपरेशन पूर्वी गरिबांच्या ऐकण्यातही नव्हते. २००० साली तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला आणि २००१ मध्ये उजवा. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती ऑपरेशने केली. तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ घरांना पहिल्यांदा कळले की माणसाचा गुडघा बदलता येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली आणि खर्च बराच खाली आला. आता आपल्या बस्त्यांतली माणसेही नाशिक, ठाणे, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून येतात. मात्र पुढचे तीन-चार महिने जी मेहनत लागते ती घरीच करायची असते, आणि तिथे आपण कमी पडतो.

तोल जातो कुठे?

माणूस उभा राहतो तो तिघांच्या भरवशावर. एक डोळे. दुसरा कानाच्या आतला भाग, जो डोके कुठे कलले ते सांगतो. तिसरी म्हणजे पायाचे तळवे, घोटे आणि गुडघे यांतली जाणीव. अंधारात पायरीवर पाऊल टाकले तरी पाय किती वाकला हे आपल्याला कळते, ते या तिसऱ्या जाणिवेमुळे.

ऑपरेशनमध्ये झिजलेला भाग काढून तिथे धातू आणि विशिष्ट प्लास्टिक बसवतात. आतला एखादा बंधही काढावा लागतो. त्यामुळे सांध्यातून मेंदूला मिळणारी खबर काही काळ मंद होते. त्यात मांडीचा पुढचा मोठा स्नायू फार अशक्त होतो. पहिल्या महिन्यात त्याची निम्म्याहून जास्त ताकद कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. शिवाय ऑपरेशनच्या आधीची कित्येक वर्षे दुखऱ्या पायावर भार न देता लंगडत चालण्याची सवय लागलेली असते. गुडघा नवा झाला तरी मेंदूला जुनीच चाल पाठ असते.

याच्यावर भीती बसते. घाबरलेला माणूस अंग ताठ करतो, नजर पायाशी ठेवतो, पाय न उचलता घासत चालतो. आणि घासत चालणाराच दगडाला अडखळतो. म्हणजे पडण्याची भीतीच पुष्कळदा पाडते. यावर उपाय एकच. सुरक्षित जागी, घट्ट आधार धरून, रोज थोडे थोडे शिकणे.

काठीची लाज कशाला?

सुरुवातीला वॉकर, मग काठी, मग डॉक्टरांनी सांगितल्यावर मोकळे चालणे, असा क्रम असतो. कोणी सहा आठवड्यांत काठी सोडतो, कोणाला तीन महिने लागतात. पण आपल्याकडे पुष्कळ जण लोक हसतील म्हणून काठी लवकर टाकून देतात.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने फार त्रास दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर ते एका हातात काठी घेऊन, दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून उभे होते. लाखो लोकांनी ते पाहिले. काठीने त्यांचे मोठेपण कमी झाले नाही. मग आपण का लाजावे?

काठी कोणत्या हातात धरायची, यात मात्र बहुतेकांची चूक होते. ऑपरेशन उजव्या गुडघ्याचे असेल तर काठी डाव्या हातात. म्हणजे काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूला. ऑपरेशनचा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे जातात, मग चांगला पाय. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढी काठीची उंची असावी. आपल्याकडची बांबूची काठीही चालते, पण ती सरळ आणि मजबूत हवी, वर धरायला नीट मूठ हवी, आणि खाली औषधाच्या दुकानात मिळणारे रबरी बूच हवेच. बूच झिजले की बदलावे.

रोजचा सराव

खालील व्यायाम डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टची परवानगी घेऊनच सुरू करावेत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पहिले काही दिवस घरातले कोणी तरी जवळ उभे असावे. हलकी प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवावी.

१. खुर्चीत बसून ऑपरेशनचा पाय समोर सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, हळू खाली ठेवावा. दहा वेळा.

२. खुर्चीतून उठावे, सरळ उभे राहावे, पुन्हा हळू बसावे. धपकन बसू नये. पहिल्यांदा हातांचा आधार घ्यावा, पुढे तो कमी करावा. दहा वेळा.

३. खिडकीचे गज किंवा दाराची चौकट धरून दोन्ही टाचा उचलाव्यात, हळू टेकवाव्यात. दहा वेळा.

४. चौकट धरून अंगाचा भार एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर घ्यावा. नव्या गुडघ्यावर भार देताना मन कचरते. म्हणूनच हा व्यायाम सर्वांत महत्त्वाचा.

५. आधार धरून एका पायावर दहा आकडे उभे राहावे. मग दुसऱ्या पायावर.

६. भिंतीला हात लावून आडवे, बाजूला दहा पावले जावे आणि परत यावे. हे जमले की एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवत सरळ रेषेत चालावे.

प्रगती कशी ओळखायची? आधी दोन हातांचा आधार, मग एका हाताचा, मग एका बोटाचा, मग हात नुसता जवळ. घाई करू नये. व्यायामानंतर थोडे दुखणे, थोडी सूज येणे साहजिक आहे. थोडा वेळ पाय उशीवर उंच ठेवून बसावे. मात्र उशी टाचेखाली असावी. नुसत्या गुडघ्याखाली उशी ठेवून झोपले तर गुडघा वाकलेलाच राहतो आणि सरळ होत नाही.

विहारात भन्ते चंक्रमण करताना आपण पाहतो. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकवले, आणि मन त्या पावलावर. ऑपरेशननंतरचे चालणे असेच असावे. टाच आधी, मग पंजा. नजर समोर चार-पाच हातांवर. दोन्ही पावले सारख्या लांबीची.

पायरी, उतार आणि पाऊस

पायऱ्यांचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी नेहमी ऑपरेशनच्या पायाबरोबर. एसटीत चढताना-उतरतानाही हेच. दांडा घट्ट धरावा आणि कंडक्टरला थांबायला सांगावे. यात संकोच नको.

चढ-उतारावर पावले लहान टाकावीत. सोबत चालणाऱ्याने ऑपरेशनच्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. हाताला धरून ओढू नये, त्याने तोल जास्त जातो.

पावसाळ्यात बाहेरची वाट निसरडी असते. तेव्हा घरातल्या घरात किंवा शाळेच्या, समाजमंदिराच्या व्हरांड्यात चालावे. मागे पट्टा असलेली, बसकी चप्पल घालावी. साडी घोट्याच्या वर खोचावी.

घरच्यांनी करायच्या गोष्टी

रात्री वीज गेली की तिघांपैकी डोळ्यांचा आधार जातो. म्हणून उशाशी बॅटरी हवीच. उंबऱ्याजवळ आणि न्हाणीपाशी भिंतीत एक मजबूत दांडा किंवा बांबू पक्का बसवावा. शेणाने सारवलेली जमीन वाळेपर्यंत त्यावर चालू देऊ नये. वाटेतली गोणपाटे, वायरी, पोरांची खेळणी उचलावीत.

उकिडवे बसणे आणि मांडी घालणे डॉक्टर बहुधा टाळायला सांगतात. संडासासाठी भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते. चुलीपुढे बसायच्या ऐवजी ओट्यावर उभ्याने किंवा स्टुलावर बसून काम करावे.

डोक्यावर हंडा किंवा मोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. मोखाड्यात उन्हाळ्यात पाणी किती लांबून आणावे लागते हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो: पाणी आणणे हे एकट्या बाईचे काम नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी हंडे उचलावेत. गुडघा मुळात झिजला तो कोणाच्या ओझ्याने, याचाही घरात विचार व्हावा.

मुले कामासाठी बाहेरगावी गेली आणि म्हातारे माणूस एकटे राहिले, तर शेजारच्या एका घराने रोज दोन वेळा डोकावण्याची जबाबदारी घ्यावी. महिला मंडळाने हे ठरवून वाटून घेतले तर उत्तम.

आणि “बसा, पडाल” हे म्हणणे थांबवावे. त्याऐवजी म्हणावे, “चला, मी सोबत आहे.”

खाण्यात नाचणीची भाकरी, डाळ, कडधान्य, अंडी, सुकट, पालेभाजी असावी. स्नायू भरायला प्रथिने लागतात. बीपी-साखरेची गोळी चालू असेल तर अंथरुणातून एकदम उठू नये. आधी काठावर मिनिटभर बसावे. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

विहारात येणे थांबवू नका

खाली बसता येत नाही, पंचांग प्रणाम करता येत नाही म्हणून कित्येक जण वंदनेला येणे सोडतात. तसे करू नये. खुर्चीवर बसून, हात जोडून केलेली वंदनाही वंदनाच आहे. प्रत्येक विहारात भिंतीलगत चार पक्क्या खुर्च्या ठेवाव्यात, एवढी आमची कार्यकर्त्यांना विनंती.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, जखम लाल, गरम झाली, त्यातून पाणी किंवा पू आला, ताप आला, गुडघ्यातून पाय अचानक निसटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले किंवा दम लागला तर १०८ ला फोन करावा. रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते. पोटरी चोळू नये. जखमेवर हळद, तेल, पाला लावू नये. कोणाकडूनही गुडघ्यात इंजेक्शन घेऊ नये.

माणूस पडलाच तर बगलेत हात घालून झटकन उभे करू नये. आधी कुठे दुखते ते विचारावे. पायावर भार देता येत नसेल तर न हलवता १०८ बोलवावी.

मदत कुठे?

जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तिथे व्यायाम शिकवण्याची सोय कधी असते हे आशाताईंमार्फत विचारावे. ऑपरेशन अजून व्हायचे असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी ६५ वर्षांवरील गरजूंना ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

आता त्या आजींचे सांगतो. सुनेने “बसा” म्हणणे सोडले. पहिला आठवडा चौकटीपाशी उभे राहण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात ओट्याच्या पायऱ्या, मग शेजारचे घर, मग वडाचा पार. रोज दहा पावले जास्त. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झाले तेव्हा आजी काठी टेकत, सुनेला अर्धे पाऊल मागे ठेवून, तो चढ चढून आल्या. धापा टाकत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “उतरताना कोणता पाय आधी, ते मला पाठ आहे.”

आपल्याही घरात कोणी असे उंबऱ्याशी बसून असेल, तर हे पान त्यांना वाचून दाखवा आणि आजच त्यांना चौकटीपाशी उभे करा.

जय भीम!