कानातला ब्लूटूथ आणि दारातली हाक

काही वर्षांपूर्वी एखादा माणूस रस्त्याने एकटाच बोलत निघाला, की लोक थांबून त्याच्याकडे पाहत. आज साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावातही त्याचे कोणाला काही वाटत नाही. एसटीची वाट पाहणारा विद्यार्थी, ट्रॅक्टरवरचा चालक, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा, ओसरीत विड्या वळणारी बाई, यांतल्या कोणाच्या तरी गळ्यात नेकबँड किंवा कानात बड्स असतातच. वस्तू कोणतीही असो, बोलीत तिचे नाव एकच: ब्लूटूथ.

हे नाव दहाव्या शतकातील हॅराल्ड या डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनावावरून आले. त्याने विखुरलेल्या टोळ्या एका राज्यात आणल्या, असा त्याचा लौकिक. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 1994 मध्ये या तंत्राचे काम सुरू झाले आणि 1998 मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्याला हे नाव दिले. तारेविना यंत्रे जोडायची, एवढाच हेतू होता. ते काम चोख झाले. आता प्रश्न आहे तो यंत्र कानात असताना शेजारी बसलेल्या माणसाशी आपण किती जोडलेले राहतो, याचा.

सोय खरी आहे

आधी या वस्तूचे श्रेय तिला द्यायला हवे. भंडारा जिल्ह्यात विडीचे काम घरोघरी चालत आले आहे. एका हातात कात्री, दुसऱ्यात तेंदूपान, मांडीवर सूप. अशा वेळी नागपूरला दिलेल्या लेकीचा फोन आला, तर हातातले काम न टाकता अम्मीला तिच्याशी बोलता येते. स्वयंपाक करताना कुरआनचे पठण ऐकता येते. अभ्यास करणाऱ्या मुलीला एका खोलीच्या घरात इतरांना त्रास न देता धडा ऐकता येतो. एसटीत मोठ्या आवाजात व्हिडिओ लावणाऱ्यापेक्षा कानात बड्स घालणारा प्रवासी केव्हाही बरा.

ब्लूटूथच्या लहरींनी मेंदू बिघडतो, अशी भीती काही घरांत असते. या इअरफोनची प्रक्षेपण शक्ती काही मिलीवॅट इतकीच असते, कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षा बरीच कमी. काळजी करायची ती आवाजाची आणि हरवलेल्या लक्षाची.

रस्ता आणि रान

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. त्यावरून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला, की कानात ब्लूटूथ असले म्हणजे झाले. पण त्याने हात मोकळे राहतात, लक्ष मोकळे राहत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येण्याआधी घरच्या भांडणाचे बोलणे कानात भरलेले असते. साकोलीला मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडताना एवढी चूकही महाग पडते.

26 एप्रिल 2018 रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि 13 मुलांचा जीव गेला. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक माहितीच्या आधारे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्याकडेही सौंदड, अर्जुनी मोरगाव भागातून गोंदिया-नागभीड रेल्वेमार्ग जातो. रूळ ओलांडताना कान उघडेच हवेत.

रानाचेही तसेच. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये जाहीर झाला. त्याच्या आसपासच्या गावांतील माणसे उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जंगलात जातात. तिथे वाळलेल्या पानांचा चुरचुर आवाज, माकडाची ओरड, सोबत्याची हाक हाच पहारा असतो. वेळ जात नाही म्हणून कानात गाणी लावून वाकून मोहफुले वेचणारा माणूस तो पहारा आपल्या हाताने उठवतो. अस्वल किंवा रानडुक्कर जवळ आल्याचे त्याला सर्वांत शेवटी कळते.

कानाचा हिशेब

आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्मी होते: 83 डेसिबलला 20 तास, 86 ला 10 तास. घरी आकडे मोजायला यंत्र नसते. सोपी खूण अशी, की बड्स घातलेल्या मुलाला हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोललेले ऐकू आले नाही, तर आवाज कमी करायला सांगावे. कानात शिट्टी किंवा गुणगुण होऊ लागली, तर कानाच्या डॉक्टरकडे न्यावे.

वुजू करताना कानांचा मसह करण्यासाठी बड्स काढावेच लागतात. मात्र कान कोरडे होण्याआधी ते परत घालण्याची घाई नको. बंद, ओलसर कानात बुरशी लवकर धरते. एकच जोडी भावंडांत फिरवू नये, कारण त्याबरोबर कानाचा संसर्गही फिरतो. बड्समध्ये लहान लिथियम बॅटरी असते. तान्ह्या मुलाने बड गिळला, तर घरगुती उपाय न करता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

सलामाचे उत्तर

एक नुकसान मात्र कोणत्याही तपासणीत दिसत नाही. सलामाला उत्तर देणे वाजिब आहे. पण नाना दारातून सलाम करून आत येतात आणि नातवाची मान मोबाइलमधून वर होत नाही. त्याच्या मनात अनादर नसतो. त्याला ऐकूच आलेले नसते. दादी दोनदा पाणी मागते, तिसऱ्यांदा मागत नाही, स्वतःच भिंत धरून उठते. अशा घरात थोरांनी हाक मारणेच हळूहळू सोडून दिलेले असते आणि धाकट्यांना वाटते, की घरात शांतता आहे.

हे फक्त तरुणांचे नाही. कामावरून आलेले अब्बू जेवतानाही कानातले यंत्र काढत नाहीत. मुलगी शाळेतली गोष्ट सांगते, ते मान हलवतात, पण हसू येते ते फोनवरच्या बोलण्यावर. मुलीला हा फरक लगेच कळतो. कुरआनात ऐकणे आणि पाहणे यांचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांमध्ये जोडीने येतो. ही देणगी घरच्यांसाठीही आहे.

मशिदीत शिरण्यापूर्वी फोन शांत करणे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे. बड्सही काढून डबीत बंद करावेत. जुम्याचा खुतबा चालू असताना कानात दुसरे काही असणे शोभत नाही.

यासाठी घरात भांडण नको, चार गोष्टी ठरवल्या तरी पुरे. दाराजवळच्या फळीवर एक वाटी ठेवावी. घरात आले, की बड्स तिच्यात. काम करताना ऐकायचेच असेल, तर एकच बड घालावा, दुसरा कान घराकडे ठेवावा. गाडीवर, रुळांवर, रानात आणि दस्तरखानवर दोन्ही कान मोकळे ठेवावेत. आणि कोणी बोलायला समोर आले, की यंत्र नुसते बंद न करता कानातून काढावे, म्हणजे आपण ऐकतो आहोत हे समोरच्याला दिसते. नियम मोठ्यांनी आधी पाळावा. अब्बूंनी रोज संध्याकाळी आपला नेकबँड त्या फळीवर ठेवला, तर मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही, आणि दादीला तिसऱ्यांदा हाक मारावी लागणार नाही.